घुर्र, खट्

वॉकर धरून मी अंग जरा पुढे झुकवलं, की कमरेपासून पायांना बांधलेला यांत्रिक सांगाडा घुर्र करतो, माझं पाऊल उचलतो आणि खट् करून फरशीवर ठेवतो. मणक्याला मार लागल्यापासून पाय माझं ऐकत नाहीत. मोटरचं मात्र निमूट ऐकतात. आज दवाखान्याच्या व्हरांड्यात आले, तर बाकांवरची सगळी डोकी एकदम वळली.

"आजी, आत जाऊन दार लावून चालू या का? आवाज फार होतोय," मला मागून धरणारी फिजिओथेरपिस्ट शलाका कुजबुजली.

मला हसूच आलं. नवी सून असताना सासरे समोर बसलेले दिसले, की मी पैंजण काढून कनवटीला लावायची आणि चवड्यांवर चालायची. "हिचं पाऊल वाजत नाही हो," असं सासूबाई म्हणाल्या, तर महिनाभर मिरवत होते, बावळट! चांगले धडधाकट पाय होते, आणि ते घरात आहेत हे कुणाला कळू नये म्हणून केवढी ती धडपड!

आता एकेक पाऊल यंत्राकडून उसनं घ्यावं लागतं, आणि तेही चोरून टाकू?

"दार उघडंच राहू दे," मी म्हटलं. "आणि त्या बाकांवरच्यांना सांग, पाय आवरून बसा. म्हातारी परत येतेय."