केतकीचं इटलीतलं घर आणि आमचे खोके

कुवेतमधल्या शर्कच्या मासळी बाजारात मी झुबेदीचा, म्हणजे आपल्या पापलेटचा, भाव पाडत होते तेव्हा केतकीचा फोन आला. "आई, मी घर घेतेय." मला वाटलं भाड्याचं. ती म्हणाली विकत, खेड्यात, डोंगरावर, महिन्याभराने नोटरीसमोर सही. मी पापलेट तसंच ठेवून बाजूला झाले. मग ती जे बोलली त्यासाठी मला इटलीला जावं लागलं. "तू ये आणि बघ. तू हो म्हणालीस तरच मी सही करेन. नाही म्हणालीस तर बयाणा बुडेल, बुडू दे."

आता थोडं आमच्याबद्दल. आम्ही रत्नागिरीचे. अविनाश, म्हणजे माझा नवरा, सुलैबियातल्या एका गोदामाचं एसीचं काम बघतो, मी शर्कमध्ये एका दातांच्या दवाखान्यात एक्स-रे काढते. केतकी तीन वर्षांची असताना आम्ही कुवेतला आलो. बारावीनंतर ती पुण्याला गेली, तिथून शिकायला इटलीला, आणि आता तिथेच एका पास्त्याच्या गिरणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. तिच्याकडे तिथला नोकरीचा परवाना असल्यामुळे तिला घर घेता येतं. नुसत्या पर्यटकाला हे इतकं सरळ नसतं, त्यामुळे स्वस्त घरांचे व्हिडिओ बघून उड्या मारण्याआधी तिथल्या वकिलाला विचारा.

आम्हाला कुवेतमध्ये घर घेता येत नाही. नोकरी आहे तोवर अकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, आणि अकामा आहे तोवर मुक्काम. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते हेच. म्हणून आमच्या घरात टीव्हीचा, मिक्सरचा, मायक्रोवेव्हचा, प्रत्येकाचा मूळ खोका थर्माकोलसकट जपून ठेवलेला आहे. कपाटांच्या वर छतापर्यंत खोके. बनेद अल-गारच्या या फ्लॅटमध्ये आम्हाला अठरा वर्षं झाली, पण भिंतीला एकही खिळा नाही. डिपॉझिट कापतील म्हणून. खालच्या मजल्यावर श्रीवर्धनची रुखसाना राहते, तिच्या भिंतींवर घड्याळ, फ्रेमा, नातवंडांचे फोटो असं सगळं टांगलेलं. मी मनात म्हणायचे, हिला डिपॉझिट परत नकोय वाटतं.

केतकीची उंचीसुद्धा आम्ही भिंतीवर कधी मोजली नाही. पहिल्या फ्रिजचा जो मोठा खोका होता, त्याच्या एका बाजूवर दर वाढदिवसाला पेनाने रेघ ओढायची आणि घडी घालून कपाटामागे सरकवायचा. तीन घरं बदलली, तो खोका बरोबर आला.

आणि रत्नागिरीला आमचा फ्लॅट आहे. टू बीएचके, गॅलरीतून खाडीचा तुकडा दिसतो. त्यातली एक खोली केतकीची. वर्षातून एकवीस दिवस आम्ही तिथे राहतो, बाकी कुलूप. ती एक दिवस परत येईल या हिशेबानेच आम्ही तो घेतला होता. तेव्हा खरं सांगते, मी निघाले ती नाही म्हणायलाच.

अविनाशला सुट्टी मिळाली नाही. ऑक्टोबरात उन्हाळा उतरला की चिलरच्या दुरुस्त्यांचा हंगाम सुरू होतो. व्हिसासाठी कंपनीचं ना हरकत पत्र, पगाराचा दाखला, बँकेचे कागद आणि केतकीचं आमंत्रण लागलं. अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो, माझी कोणीतरी रद्द केलेली मिळाली म्हणून निभावलं. तिकीट इस्तंबूलमार्गे जाऊन-येऊन दीडशे दिनारच्या आसपास पडलं. बॅगेत भाजणी, कोकम, खोबरेल तेल आणि रुखसानाने दिलेला खजुराचा डबा.

रोमच्या विमानतळावरून तिबुर्तिना स्टेशनला रेल्वे आहे, आठ युरो. रोम बघायचा मोह मी आवरला. स्टेशनला लागूनच बसचा तळ आहे, तिथून तीन तासांत काम्पोबास्सो. हा मोलीझे नावाचा प्रांत. इटलीतलेच लोक त्याची थट्टा करतात की असा प्रांत मुळात नाहीच. शेवटच्या तासात रस्ता वळणं घेत वर चढला आणि दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली तपकिरी रानं दिसू लागली. कुवेतमध्ये इतकी वर्षं एकाच रंगाची सपाट जमीन बघितल्यावर डोळ्यांना हे जरा जास्तच होतं. केतकी जुन्या फियाट गाडीत न्यायला आली होती. केस कापलेले, हातावर मैद्याचे डाग. गावाचं नाव मी देणार नाही, तिने बजावलंय.

दुसऱ्या दिवशी घर पाहिलं. दगडी, दुमजली, खाली गुरांचा गोठा, मागे पंधरा-वीस ऑलिव्हची झाडं. किंमत अठ्ठावीस हजार युरो. त्यात कुवेतला एक बरी मोठी गाडी येते. मी एकेक खोडी काढत गेले. उत्तरेच्या भिंतीला ओल. जिन्याला कठडा नाही. सगळ्यात जवळचं दुकान चार किलोमीटर, तेही एक ते साडेचार बंद. थंडीत लाकडं जाळायची, म्हणजे ती कोणी फोडायची? केतकी प्रत्येक प्रश्नाला शांतपणे उत्तर देत होती, त्यामुळे मी आणखी चिडले. घर पाहावं बांधून, हे मी तिला ऐकवलं. ती म्हणाली, "बांधलेलंच आहे की, आई."

दुपारी गावातल्या एकुलत्या एका खाणावळीत जेवलो. कावातेल्ली नावाचा हाताने वळलेला छोटा पास्ता, पालेभाजी घातलेला, मागून चीज, पाणी आणि कॉफी, माणशी बारा युरो. अडीचनंतर कोणी जेवायला देत नाही हे लक्षात ठेवा, जवळ काहीतरी बांधून न्या. शेजारच्या टेबलावरचे म्हातारे आमच्याकडे बघून बघून दमले आणि शेवटी त्यांनी केतकीला विचारलंच, ही आई का म्हणून.

तिसऱ्या दिवशी जेओमेत्रा आला. हा माणूस नगरपालिकेतला नकाशा आणि प्रत्यक्ष घर जुळतं का ते बघतो. याची फी वाचवू नका. आमच्या बाबतीत कागदावर गोठाच नव्हता, तो मालकाला आधीच नोंदवून घ्यावा लागला होता. सातबाऱ्यावर एक आणि जागेवर एक हे फक्त आपल्याकडेच असतं असा माझा समज होता.

चौथ्या दिवशी मालक स्वतः आले. दोनातो, पंचाहत्तरीचे, इस्त्रीचा शर्ट, हातात स्वतःच्या झाडांचं गेल्या वर्षीचं तेल. केतकी मराठीत सांगत गेली. हे बत्तीस वर्षं बेल्जियमला विटांच्या कारखान्यात होते. दर ऑगस्टला सुट्टीत गावी यायचे आणि त्या पगारातून आईच्या घराची एकेक खोली वाढवायचे. मी म्हटलं, म्हणजे आमच्यासारखेच. ते केतकीने त्यांना सांगितलं नाही, पण त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली.

मग ते आम्हाला वर घेऊन गेले. वरचा मजला त्यांनी मुलासाठी केलेला. एक मोठी झोपायची खोली आणि तिला लागून न्हाणीघर, गुलाबी फरशी, मोठा आरसा. नळावर कंपनीचा निळा स्टिकर अजून तसाच होता. सव्वीस वर्षं. मुलगा बेल्जियमलाच वाढला, तिथेच लग्न केलं. दोनदा आला, दोन्ही वेळा खाली समुद्राकाठी तेर्मोलीला हॉटेलात उतरला. मी केतकीला म्हटलं, विचार त्यांना, स्टिकर का नाही काढला. तिला विचारायचं नव्हतं, मी रेटा लावला.

दोनातोंनी नळावरून बोट फिरवलं. केतकी म्हणाली, "ते म्हणतात, घर त्याचं होतं, त्यानेच काढायचा होता."

रत्नागिरीच्या फ्लॅटमध्ये केतकीच्या खोलीतल्या स्विचांवर प्लास्टिकचा पातळ कागद आहे. दर वर्षी मी तो काढायला जाते आणि अविनाश म्हणतो, राहू दे, केतकी आली की काढेल. मी त्या गुलाबी न्हाणीघरात उभी राहिले आणि मला रडू आलं. दोनातो घाबरले, त्यांना वाटलं फरशी आवडली नाही. केतकीला मात्र कळलं असावं, ती खाली जाऊन गाडीत बसून राहिली.

परत येताना मी तिला म्हटलं, "सही कर." तिने गाडी कडेला घेतली. "तुला घर आवडलं?" मी म्हटलं नाही आवडलं, ओल आहे, आणि तू रत्नागिरीला येणार नाहीस याचं मला वाईट वाटतंय, ते वाटतच राहील. पण सही कर. तिने दुसऱ्या बाजूचा इंडिकेटर दिला आणि गाडी परत रस्त्यावर घेतली.

नोटरीकडे सही म्हणजे आपल्याकडच्यासारखं शिक्के मारून मोकळं होणं नाही. नोटरीबाई पूर्ण दस्त मोठ्याने वाचते, शब्दन् शब्द, सत्यनारायणाची पोथी वाचावी तशा लयीत, आणि घेणारा-देणारा दोघांनी समोर बसून ऐकायचं असतं. केतकीला इटालियन येतं म्हणून दुभाषा लागला नाही, नाहीतर त्याचा खर्च वेगळा. एकूण फी आणि कर मिळून घराच्या किमतीवर बरीच भर पडते, ती आधीच धरून चाला. शेवटी दोनातोंनी किल्ल्या दिल्या, पाच होत्या, त्यातल्या दोन कशाच्या ते त्यांनाही आठवेना.

पुढचे सहा दिवस आम्ही घर लावलं. पहिल्याच दिवशी केतकीने वर जाऊन नळाचा स्टिकर ओढून काढला. गोंद राहिला, तो मी खोबरेल तेलाने पुसला. पलंग आला, फ्रिज आला, वॉशिंग मशीन आलं. शेजारची म्हातारी रोज काहीतरी घेऊन यायची, एकदा चेस्टनट, एकदा जिवंत कोंबडी, ती आम्ही नम्रपणे परत केली. मी तिला थालीपीठ दिलं, तिने त्यावर ऑलिव्हचं तेल ओतून खाल्लं. वाईट लागत नाही, मी नंतर करून बघितलं.

निघायच्या आदल्या दिवशी केतकी गोठ्यात गेली आणि तिथूनच तिने मला हाक मारली. फ्रिजचा, मशीनचा, मिक्सरचा, सगळे खोके मी सपाट करून, सुतळीने बांधून, भिंतीला लावून ठेवले होते. थर्माकोल वेगळ्या पिशवीत.

"आई, हे काय आहे?"

"असू देत. सोडताना लागतात."

ती त्या गठ्ठ्यावर बसली. मला वाटलं चिडणार. ती हळू बोलली. "आई, मी सोडणार नाहीये. मला माहितीये वेळ आली तर सगळे सोडतात. पण मला सोडायची तयारी करून राहायचं नाहीये. मी लहानपणभर तशी राहिलेय."

कपाटावरचे खोके आणि दुसरीतली केतकी मला एकदम दिसली. भिंतीवर चित्र चिकटवायला निघालेली आणि मी तिच्या हातातून टेप काढून घेतलेली. तिला ते आठवत होतं की नाही, विचारायचं धाडस झालं नाही. पुठ्ठा गोळा करणारी गाडी गावात गुरुवारी येते, दुसऱ्या दिवशी गुरुवारच होता. आम्ही दोघींनी गठ्ठा उचलून दाराबाहेर ठेवला.

रात्री सामान भरताना ती म्हणाली, "माझा उंचीचा खोका आहे ना अजून? तो मला आणून दे. या स्वयंपाकघराच्या दारावर मी सगळ्या रेघा उतरवून घेते." मी म्हटलं, पुढच्या खेपेला नक्की.

कुवेतला उतरले तेव्हा बाहेर अजून पस्तीस डिग्री होतं. अविनाशने विचारलं घर कसं आहे, मी त्याला सगळं सांगितलं, स्टिकरचंही. शुक्रवारी सकाळी मी उठले तर हा स्टुलावर चढून खोके खाली काढत होता. त्यातल्या तीन वस्तू आता घरात नव्हत्याच, नुसते खोके जपले होते. कपाटामागून फ्रिजचा खोका निघाला. रेघा फिकट झाल्या होत्या, तारखा वाचता येत होत्या. सगळ्यात खालची रेघ माझ्या कमरेशी.

तो हातात घेऊन मी खाली गेले, हारिसकडे. हारिस म्हणजे इमारतीचा रखवालदार, इजिप्तचा महमूद, आम्ही आलो तेव्हापासून हाच आहे. मी त्याला अरबी, हिंदी, इंग्रजी मिसळून विचारलं, भिंतीला खिळे ठोकले तर चालतील का, डिपॉझिट किती कापतात.

त्याला आधी प्रश्नच कळला नाही. मग तो हसला. प्रत्येक फ्लॅटमध्ये खिळे आहेत, कोणी गेलं की मी बुजवून रंग देतोच, त्याचे कसले पैसे, असं त्याने सांगितलं. आणि मग सरळ विचारलं, "मदाम, तुम्हाला नको म्हणून कोण बोललं?"

कोणीच बोललं नव्हतं. अठरा वर्षांत आम्ही कोणाला विचारलंही नव्हतं. मी जिन्यातच बसले, हसू येत होतं आणि येतही नव्हतं. रुखसानाचं दार उघडं होतं, तिच्याकडून मी हातोडी मागून घेतली.

लोक विचारतात, इटलीत घर घ्यावं का? मला माहीत नाही. केतकीच्या भिंतीला ओल आहे आणि या थंडीत लाकडं कोण फोडणार हे मला अजून कळलेलं नाही. रत्नागिरीचा फ्लॅट तिचा होणार नाही, हे आता आम्ही दोघं एकमेकांसमोर बोलतो. डिसेंबरात गेलो की स्विचांवरचे कागद आम्हीच काढणार आहोत.

त्या शुक्रवारी संध्याकाळी मी तिला फोन केला आणि सांगितलं, तुझा खोका येणार नाही. त्या रेघांची बाजू कापून आम्ही स्वयंपाकघराच्या दाराशेजारी ठोकली आहे, ती आता इथेच राहील, तुझ्या दारावर तू तुझ्या नव्या रेघा काढ.



"किती खिळे मारलेस?" तिने विचारलं.

चार, म्हटलं. चारही कोपऱ्यांना.