फेरीतले वरचे वीस मीटर

नगरपंचायत आणि जिल्हा परिषद यांच्यात करार झाला तेव्हा गावात पेढे वाटले नाहीत, पण फोटो पुष्कळ निघाले. करार असा, की प्रशालेचं मैदान दिवसा शाळेचं आणि पहाटे पाच ते सात, शिवाय संध्याकाळी दोन तास गावाचं. जागा जिल्हा परिषदेची. दिवे, नळ, संडास आणि भोवतीनं चालायचा रस्ता नगरपंचायतीचा. एवढं ठरायला तीन वर्षं कागद इकडून तिकडं फिरत होते. तोवर गाव काय घरात बसलं होतं? मागच्या भिंतीला बैलगाडी जाईल एवढं भगदाड होतं. त्यातून म्हातारे फिरायला यायचे, पोरं क्रिकेटला यायची आणि पोलीस भरतीच्या पोरी पळायला यायच्या. आता तेच लोक तेच करायला गेटातून येणार होते. पण सरकारी कामात एवढा फरक पडला तरी पुष्कळ म्हणायचं.

ग्यानोबा या प्रशालेचा शिपाई. नोकरीची दोन वर्षं उरलेली, अंगानं काटक, बोलायला कमी. लेकरांपासून मुख्याध्यापिका साधना मॅडमपर्यंत सगळे त्याला मामा म्हणत. घंटा देणं, वर्ग झाडणं, पंचायत समितीला टपाल नेणं ही त्याची कामं. पण त्याचा जीव होता मैदानावर. खेळाचे सर रिटायर झाले, त्यांची जागा भरलीच नाही, आणि मैदान आखायचं काम आपोआप ग्यानोबाच्या गळ्यात आलं. दर सोमवारी तो रस्सी टाकून मातीवर पांढऱ्या भुकटीची रेघ ओढायचा. शाळेत तिला फक्की म्हणतात. पळायची फेरी दोनशे मीटरची. चार फेऱ्या झाल्या की आठशे, म्हणजे भरतीत पोरींना पळावं लागतं तेवढं अंतर.

करारानंतर नगरपंचायतीचा इंजिनिअर शिवशंकर माप घ्यायला आला. पोरगेलासा, हसऱ्या तोंडाचा. त्यानं टेपचं एक टोक ग्यानोबाच्या हातात दिलं आणि दोघं फक्कीच्या रेघेवरून फिरून आले. शिवशंकरनं आकडा कागदावर टिपला, भुवया वर केल्या, आणि पुन्हा एकदा मोजायला लावलं.

"मामा, ही फेरी दोनशेची न्हाई. दोनशे वीस भरून राहिली. कोणी आखली?"

"म्याच."

"मग तुमी लई दिलदार माणूस दिसता. वीस मीटर वरून दिले!" शिवशंकर हसला. त्याला नव्या रस्त्याचं माप हवं होतं, जुन्या रेघेशी त्याला काय करायचं होतं? ग्यानोबाही हसला. टेप गुंडाळून दिला, इंजिनिअरला चहा आणून दिला, घड्याळ बघून घंटा दिली. मधल्या सुट्टीत खिचडीच्या रांगेत लेकरं ढकलाढकली करत होती, त्यांना नीट उभं केलं. हे सगळं त्यानं केलं, आणि करताना त्याला काहीच वाटत नव्हतं. खूप वेळ मांडी घालून बसलं की पायाला मुंग्या येतात, मग तो पाय आपला राहत नाही, तसं त्याचं सगळं अंगच झालं होतं.

कारण त्या रेघेवर त्याची लेक ज्योती दीड वर्षं पळाली होती.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. ज्योती तेव्हा एकवीस वर्षांची, बारावी झालेली. पोलीस व्हायचं तिनं घेतलं होतं मनावर. हिंगोलीला अॅकॅडमी लावायची ऐपत नव्हती, म्हणून अॅकॅडमी म्हणजे हेच मैदान आणि कोच म्हणजे बाप. पहाटे दोघं येत. बापाच्या हातात जुनं स्टॉपवॉच, लेकीच्या पायात जुन्या बाजारातले बूट. आठशे मीटर दोन मिनिटं पन्नास सेकंदांत मारले की पैकीच्या पैकी गुण. ज्योती तीन वीसवरून तीन दहावर आली, तीन पाचवर आली, आणि तिथं अडकली. तीन पाचच्या खाली ती कधी उतरलीच नाही. उलट्या होईस्तोवर पळायची, पण घड्याळ तेच सांगायचं. ग्यानोबा रोजचा टाइम सामानखोलीच्या भिंतीवर कोळशानं लिहायचा. शेवटचे दोन महिने भिंतीवर एकच आकडा उभा होता.

मैदानी चाचणीचं बोलावणं आलं, आणि त्याच आठवड्यात वसमतचं स्थळ आलं. पोरगा रविंद्र, टेम्पोचा ड्रायव्हर, निर्व्यसनी. त्या दिवशी ज्योतीनं बापाला विचारलं, "बाबा, जाऊ का म्या हिंगोलीला?"

ग्यानोबा तेव्हा जे बोलला ते त्याला शब्द न् शब्द आठवत होतं. तो म्हणाला होता, "बाई, पंधरा सेकंद म्हंजे थोडं न्हाई. मापात बसत न्हाई तर तिथं जाऊन हसं काहून करून घेयाचं?"

ज्योती गेली नाही. पुढच्या महिन्यात लग्न झालं.

आणि माप चुकलं कसं? ते ऐकलं तर कुणालाही ग्यानोबाचा राग धड येणार नाही. सरांनी जाताना दिलेली रस्सी पंचवीस मीटरची होती. ती आठ वेळा टाकली की एक फेरी. रस्सी जुनी, दरसाल कुठंतरी तुटायची. ग्यानोबा नवा तुकडा जोडायचा, आणि गाठीत जाईल म्हणून वीतभर जास्त घ्यायचा, त्यावर आणखी हातभर. त्याचा बाप आखाडा बाळापूरच्या बाजारात धान्य मोजायचा. पायली भरली की वरून मूठभर टाकायचा, कुणाला कमी जाऊ नये म्हणून. लेकानं तीच सवय उचलली. लेकरांना कमी माप दिलं तर त्यांना खोटाच टाइम दिसेल, आणि भरतीत फजिती होईल, असं त्याच्या मनात होतं. म्हणून हातभर जास्त. अशा पाच गाठी झाल्या आणि पंचवीसची रस्सी साडेसत्तावीस मीटरची झाली. या गाठी सगळ्या ज्योती पळायला लागायच्या आधीच्या, पुढं रस्सी तुटली नाही.

चांगुलपणा करायचा तर तो तरी मोजून करावा माणसानं. पण हे मागाहून सुचतं.

माप कळलं तो शनिवार होता. त्या रात्री ग्यानोबा नीट जेवला, नीट झोपला. आपल्याला झोप लागली याचंच त्याला सकाळी नवल वाटलं. बायकोला, पंचफुलाला, त्यानं काही सांगितलं नाही. सोमवारी हात आपोआप रस्सीकडं गेले आणि त्यानं रेघ ओढली. जुनीच, दोनशे वीसची.

आता त्या रेघेवर निता पळत होती. निता त्यांच्याच गल्लीतली, एकोणीस वर्षांची, ज्योतीनंच हिला लहानपणी सायकल शिकवली होती. तिची मैदानी वीस दिवसांवर आली होती. बुधवारी तिनं चार फेऱ्या मारल्या, गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली आणि विचारलं, "किती, मामा?"

"तीन मिनिटं तीन सेकंद."

"रोजचंच." निता खालीच बसली. "माझ्याच्यानं न्हाई व्हत, मामा. घरचे म्हणून राहिले, आता कालेजाकडं ध्यान दे."

ग्यानोबानं तिला पाण्याची बाटली दिली. त्यानं सांगायला हवं होतं, हे काय त्याला कळत नव्हतं? कळत होतं. पण निताला आज सांगितलं तर दुपारपर्यंत गल्लीला कळणार आणि संध्याकाळी वसमतला फोन जाणार. ज्योतीला हे दुसऱ्याच्या तोंडून कळू नये, आधी आपण सांगावं, एवढं एकच त्याला धरून ठेवत होतं. आणि ज्योतीला सांगायला पाय उचलत नव्हता. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. शाळेत मैदानाच्या उद्घाटनाची तयारी जोरात होती. साधना मॅडमनी त्याला पताका लावायला सांगितल्या, त्यानं लावल्या. कुणीतरी म्हणालं, मामा थकल्यासारखे दिसतात. ग्यानोबाला थकल्यासारखंही वाटत नव्हतं.

रविवारी तो एसटीनं वसमतला गेला.

हळदीचे दिवस होते. ज्योतीच्या सासरच्या अंगणात शिजवलेली हळद वाळत पडली होती आणि ती कुडत्याच्या बाह्या वर करून त्यातली माती, मुळ्या निवडत होती. हात कोपरापर्यंत पिवळे. तीन वर्षांचा नातू बाजूलाच खेळत होता. बापाला बघून ती उठली.

"जय भीम, बाबा. अचानक? आई बरी हाय ना?"

"बरी हाय. जय भीम."

तिनं चुलीवर चहा ठेवला. ग्यानोबा बाजेवर बसला नाही, उभ्यानंच बोलला. इंजिनिअर आला होता इथपासून सुरू केलं आणि दोनशे वीसपर्यंत आला. पुढचं त्याला सांगावं लागलं नाही.

ज्योतीनं हात पुसले, मोबाइल काढला आणि हिशेब केला. कपाळावर आठीसुद्धा नव्हती.

"दोन अठ्ठेचाळीस," ती म्हणाली. "बसत व्हते की म्या, बाबा." उद्या बाजार आहे असं सांगावं, तशा आवाजात.

"अजून वय बसतं तुझं," ग्यानोबा म्हणाला. "भरतीचा कागद काढून बघितला म्या."

"वय बसतंय. सिझरनंतर पोट वढून येतं, दोन घागरी उचलल्या तरी. पळतंय कोण?" ती पुन्हा हळदीपुढं बसली. निवडायला घेतलेलं हळकुंड तिच्या बोटांत तसंच राहिलं. मग तिनं मान वर केली. "आता कोण पळून राहिलं तिथं?"

"निता."

"किती मारून राहिली?"

"तीन तीन."

"मग तिला सांगितलं ना तुमी?"

ग्यानोबानं नकाराची मान हलवली.

"कधी कळलं तुमाला हे?"

"आठ दिस झाले. तुला आधी सांगावं म्हून..."

"आठ दिस!" ज्योती उभी राहिली. आल्यापासून पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "अन् ते लेकरू आठ दिस तसंच पळून राहिलं? माझं झालं ते झालं, बाबा. ते तुमाला म्हाईत नव्हतं. हे तर म्हाईत हाय ना?"

चहा उकळून वर आला. तिनं पातेलं खाली उतरवलं, पण कप काढले नाहीत.

"जावा तुमी. तीनची गाडी सापडंल. चहा न्हाई देत म्या आज."

पाच वर्षांत बाप दारातून चहा न घेता परत गेला, असं कधी झालं नव्हतं. ग्यानोबा वळला आणि चालू लागला. नातू "आजा" म्हणून मागं पळत फाटकापर्यंत आला, त्याच्या डोक्यावर हात ठेवायचंही त्याला सुचलं नाही.

गावात उतरल्यावर तो घरी गेला नाही. शिवशंकरच्या खोलीवर जाऊन टेप मागून आणला, निताला घरातून हाक मारून बाहेर बोलावलं आणि तिच्या बापासमोर, आईसमोर सगळं सांगितलं. ज्योतीचंही सांगितलं. निताची आई तोंडावर पदर धरून बसली. निताला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती नुसती म्हणाली, "उद्या किती वाजता येऊ, मामा?"

सोमवारी उजाडताच ग्यानोबानं दोनशेची फेरी आखली. टेप धरायला निता होती. नवी रेघ जुन्या वाटेच्या आत पडली. जुनी वाट पोरींच्या पायांनी गवत जाऊन उघडी पडली होती, ती काही फक्कीसारखी पुसता येत नव्हती. निता नव्या रेघेवर उभी राहिली. ग्यानोबानं घड्याळाचं बटण दाबलं. चौथ्या फेरीला ती आली तेव्हा त्यानं आकडा बघितला, पुन्हा बघितला, आणि घड्याळच तिच्या हातात दिलं.

दोन सेहेचाळीस. निता ओरडत मैदानभर पळत सुटली, थकली होती हे विसरूनच. फिरायला आलेले म्हातारे थांबून बघायला लागले.

ग्यानोबानं वसमतला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला. म्हणजे ती मोबाइल हातात घेऊनच बसली होती.

"किती?" ज्योतीनं विचारलं.

"दोन सेहेचाळीस."

 पलीकडं कोंबडा आरवला, लेकरू काहीतरी मागत होतं.

"म्हंजे दोन सेकंदानं पुढं गेली माझ्या," ज्योती म्हणाली. आवाज पळून आल्यासारखा, दम लागलेला. "तिला म्हणावं, शेवटच्या वळणाला हात ढिले सोडू नको. म्या तिथंच सोडत व्हते."

"सांगतो."

"आन् बाबा, पुढच्या खेपंला चहा घेऊन जावा."

फोन बंद झाला. ग्यानोबा नव्या रेघेवरच खाली बसला. नऊ दिवस कुठंतरी अडकलेलं रडू आता आलं, आणि आलं ते आवाजासकट. निता पळायची थांबून त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. सकाळच्या शाळेची लेकरं गेटातून आत येत होती, पताकांखालून, आणि फक्कीनं पांढरी झालेली मामाची पँट बघून एकमेकांना कोपरानं ढोसत होती. त्या दिवशी घंटा साधना मॅडमनी दिली.