आठव्या दिवशीचा हात

देवी टोचणारा आठ दिवसांनी परत यायचा, टोचलेलं उठलं की नाही ते बघायला. कल्याणात आमच्या आळीत तो शिरला की बायका धडाधड दारं लावून घेत. आमचे वडील मामलेदार कचेरीत कारकून, त्यामुळे आमचं दार लावायची सोय नव्हती. म्हणून माझे आणि धाकट्या भावाचे, दोघांचेही दोन्ही दंड टोचले गेले. मी सहा वर्षांची, तो चारचा.

टोचणारा आळीबाहेर पडतो न पडतो तोच आईने भावाला न्हाणीत नेलं आणि हळदीच्या पाण्याने त्याचे दंड खसाखसा धुतले. त्याच्या आधीचे दोन मुलगे तिच्या मांडीवर गेले होते. देवीच्या कामात माणसाने हात घातला तर ती कोपेल, ही तिची धास्ती. मीही माझे दंड पुढे केले. "तुझं राहू दे गं," ती म्हणाली. मुलीच्या जातीला एवढं कोण जपतं! मला त्याचा राग यायला पुढे बरीच वर्षं जावी लागली.

आठव्या दिवशी वडील कचेरीत गेलेले. टोचणारा ओटीवर आणि आई माजघराच्या दाराआड. परक्या पुरुषासमोर ती येत नसे, मुलांचे हातही दाराच्या फटीतूनच दाखवायची. आधी तिने माझा डावा हात बाहेर दिला. त्याने फोड मोजले. मग माझ्या उजव्या हातातल्या बांगड्या भराभर उतरवून तिने तो बाहेर सारला आणि भावाचं नाव सांगितलं. टोचणाऱ्याला अजून सगळी आळी करायची होती. 'उठलं' असं वहीत लिहून तो गेला.

"कुणाला सांगितलंस तर बघ," आई म्हणाली.

दोन वर्षांनी गावात देवीची साथ आली. मी रोज सकाळी भावाचं कपाळ चाचपून बघायची. एके दिवशी ते कपाळ तापलेलं लागलं. तो जगला, पण दोन्ही डोळे गेले.

वडील ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "टोचून काय उपयोग झाला? उठलं म्हणून वहीत लिहिलंय, तरी पोराचे डोळे गेले." लोक ऐकत आणि घरी जाऊन आपापली मुलं लपवत. पुढच्या साथीत त्यातली काही गेली. मी खांबाला धरून ऐकायची आणि आईकडे बघायची. ती तांदूळ निवडताना मान वर करत नसे.

लग्न होऊन मी ठाण्याला आले. मागे वडील वारले. घरची थोडी जमीन होती म्हणून भावाचंही लग्न झालं. त्याचा मुलगा चार महिन्यांचा असताना मी माहेरी गेले, तेव्हा भावजय हळूच म्हणाली, "वन्सं, उद्या टोचणारे येणार आहेत. पण हे नको म्हणतात."

भाऊ पाळण्याची दोरी धरून बसला होता. "ताई, तूच सांग. माझं उठलं होतं ना? मग माझ्या पोराला कशाला तो त्रास?"

आई पलीकडे वाती वळत होती. सांगावं तर म्हातारपणी तिला घरात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. न सांगावं तर ते पोर. तिशीतली बाई मी, पण आईला सहा वर्षांच्या मुलीसारखी घाबरत होते.

"तुझं उठलं नव्हतं," मी म्हटलं. "तो हात माझा होता." मग सगळंच सांगितलं.

दोरी थांबली. "आई?" त्याने विचारलं.

तिने वाती खाली ठेवल्या आणि उठून नातवाला उचललं. "उद्या मी स्वतः ओटीवर बसते याला घेऊन," एवढंच म्हणाली. आणि तशी ती बसली, डोक्यावरचा पदर सावरत, परक्या माणसासमोर.

मुलाचं उठलं. भाऊ मात्र त्यानंतर आईच्या हातचं पाणी प्याला नाही.