तेओफिलाची जीभ घसरली

तेओफिला गावाला रजया भरून द्यायची. हंसांची पिसे सोलायची, कडक देठ काढून टाकायचे आणि मऊ भाग खोळीत भरायचा, हेच तिने जन्मभर केले. लग्न केले नाही. कोणी विचारलेही नाही, आणि विचारले असते तर हिने त्याला पिसासारखा सोलून परत पाठवला असता, असे बायका म्हणायच्या. बोलायला फटकळ, पण देवाधर्माला पक्की. म्हणून शेजारच्या पेलागियाला मुलगी झाली तेव्हा धर्ममाता व्हायला तिने तेओफिलालाच गळ घातली.

बाप्तिस्म्याच्या दिवशी नेमकी तेओफिलाची दाढ सुजली. पण बाप्तिस्म्याविना तान्हे मूल घरात ठेवणे म्हणजे दार सताड उघडे टाकून झोपणे, असे त्या डोंगराळ गावात मानतात. दाढेसाठी कोण थांबणार? चर्चमध्ये पाण्याच्या कुंडाकडे जाताना धर्ममाता आणि धर्मपिता मोठ्याने प्रार्थना म्हणतात. ‘झ्द्रोवाश मारियो’, म्हणजे नमन तुला मारिये. तेओफिलाला हे शब्द झोपेतही आले असते. त्या दिवशी मात्र सुजलेल्या तोंडातून बाहेर पडले, ‘झ्मोराश मारियो’.

आता झ्मोरा म्हणजे काय, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. दिसायला तुमच्याआमच्यासारखीच बाई. पण ती झोपली की तिच्यातून काहीतरी उठते, दुसऱ्याच्या छातीवर जाऊन बसते आणि त्याचा श्वास पिते. सकाळी तिला स्वतःला काही आठवत नाही. आणि अशी बाई होते कशी? बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममातेची जीभ घसरली की.

फादर पुढे चालत होते, त्यांना ऐकू गेले नाही. त्यांनी बाळाच्या कपाळावर पाणी ओतले, रूझा असे नाव ठेवले. पण शेजारी धर्मपिता म्हणून गाडीवान वालेन्ती उभा होता आणि त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. जेवणाच्या वेळी दोन पेले पोटात जाताच तो उठून उभा राहिला. बाप्तिस्म्याच्या नात्याने आता तेओफिला त्याची कुमा झाली होती.

"आमच्या कुमेचा पराक्रम ऐकलात का? मारियेला सोडून बाईनं झ्मोरेलाच नमस्कार ठोकला!"

"वालेन्ती, दाढ माझी दुखतेय, पण उपटीन तुझी," तेओफिला म्हणाली.

लोक पोट धरधरून हसले. पेलागिया हसली नाही. तिने बाळ उचलले आणि आतल्या खोलीत नेले.

तेओफिलाच्या जिवाला घोर लागला. दुसऱ्याच दिवशी ती फादरकडे गेली आणि पुन्हा बाप्तिस्मा द्या म्हणून रडली.

"पुन्हा? बाप्तिस्मा काय रजई आहे, उसवून परत भरायला?" फादर म्हणाले. "पाणी पडलं, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, तिघांचं नाव घेतलं, संपलं. देवाची खूण उमटली ती पुसत नाही. अगं, बाळाला मागता येत नाही म्हणून तर आपण ते न मागता देतो. त्यात तुझ्या जिभेचं काय चालणार?"

"देवाचं कळलं, फादर. लोकांचं काय?"

फादरांनी तिला आशीर्वाद दिला आणि दार लावून घेतले. मला विचाराल तर तिथेच सगळे बिघडले.

रूझा मोठी झाली. आई जमीनदाराच्या शेतावर कामाला जायची, म्हणून पोर दिवसभर तेओफिलाकडे. मावशी, मावशी करत पिसांत लोळायची आणि दुपारी तिथेच झोपायची. मग तेओफिला हातातले काम थांबवून तिच्याकडे बघत बसायची. छाती वरखाली होतेय ना? ओठ हलतायत का? एवढ्याशा पोरीतून आत्ता काय उठून कुठे गेले असेल? मनात असे आले की तिला स्वतःचीच किळस यायची. तरी ती बघायचीच.

रूझा सात वर्षांची झाली त्या शरद ऋतूत वालेन्तीचा श्वास कोंडू लागला. आडवा झाला की छातीवर धोंडा. पाय सुजले, ओठ काळेनिळे पडले. गावाने औषध सांगितले ते एकच. गुदमरून जाग आली की अंधारात म्हणायचे, उद्या ये, तुला मीठभाकर देतो. सकाळी जी कोणी पहिली दारात मागायला येईल, तीच झ्मोरा. तिच्या कपाळातून रक्त काढले की छाती मोकळी होते. वालेन्तीने तसे म्हटले आणि उजाडायच्या आत चार धटिंगण अंगणात आणून बसवले. तेओफिलाला कोणी काही सांगितले नाही.

ती त्या सकाळी कोबी मुरवायला बसली होती आणि मीठ संपले.

"रूझा, पळ. वालेन्तीकाकाकडून मूठभर मीठ घेऊन ये."

पोर उड्या मारत गेली. थोड्या वेळाने कुंपणापलीकडून तिची किंकाळी आली, आणि मग काहीच आवाज येईना.  तेओफिला तशीच, कोबीने भरलेल्या हातांनी धावली.

अंगणाचे फाटक आतून लावले होते. एकाने रूझाचे दोन्ही हात मागे धरले होते. वालेन्ती ओट्यावर धापा टाकत बसला होता आणि त्याच्या मांडीवर विळा होता.

"मीठ मागायला आली, कुमे. पहिली हीच आली," तो म्हणाला. "मला ठाऊकच होतं. माझ्या कानांनी ऐकलं होतं मी."

"मीठ कुणाला हवंय?" तेओफिला फाटकावरून ओरडली. "विचार तिला! मावशीला हवंय म्हणाली की नाही?"

"म्हणाली," वालेन्तीने मान डोलावली.

"मग? तोंड तिचं, मागणं माझं. बाप्तिस्म्याला हिच्या वतीनं मीच बोलले ना? तेव्हा हिला दात तरी होते का? मी बोललेलं हिच्या माथी मारता, तर आज हिनं मागितलेलं माझ्या माथी मारा की!"

धटिंगण एकमेकांकडे बघू लागले. म्हणणे त्यांना पटत होते, आणि पटत होते म्हणून ते जास्तच भ्याले.

"म्हणजे तू कबूल करतेस?" वालेन्तीने विचारले.

"करते. मीच येते, मीच बसते तुझ्या छातीवर. बसायला जागा काही बरी नाही, पण बसते. सोडा पोरीला."

त्यांनी पोरीला सोडले आणि मावशीला धरले. रूझा पळून गेली नाही. फाटकाशी उभी राहून तिने शेवटपर्यंत सगळे पाहिले.

त्यानंतर वालेन्ती आठवडाभर गाढ झोपला. आणखी पुरावा कोणाला हवा होता? नाताळाच्या आधी तो मेला, तर तेही तिच्याच माथी आले. तेओफिलाने भरलेल्या रजया लोकांनी परड्यात जाळल्या. पेलागियाने लेकीला बजावले, तिच्या सावलीलाही जायचे नाही. रूझाला बजावायची गरजच नव्हती. मावशीचे कबूल करणे तिने आपल्या कानांनी ऐकले होते.

तेओफिलाला खरे सांगता आले नसते का? आले असते. पण ‘ती मी नव्हे’ म्हटले की लोक विचारणार, ‘मग कोण?’ म्हणून ती गप्प राहिली. तळमळली असेल ती एकांतात, फार तळमळली असेल. हळूहळू तिला आपल्याच झोपेची भीती वाटू लागली. खुर्चीत बसून ती रात्री काढी.

रूझाच्या पहिल्या कम्युनियनला, म्हणजे पहिल्यांदा प्रभूची भाकर घ्यायच्या दिवशी, ती चर्चमध्ये अगदी मागे, दाराशी उभी राहिली. तान्हेपणी दुसऱ्याने दिलेली वचने त्या दिवशी मुले स्वतःच्या तोंडाने देतात. फादर एकेकाला विचारत होते. रूझाची पाळी आली.

"सैतानाचा आणि त्याच्या सगळ्या करणीचा तू धिक्कार करतेस का?"

सगळ्या मुलांनी वेदीकडे बघून उत्तर दिले होते. रूझा पांढऱ्या झग्यात मागे वळली. बाकांवरून नजर फिरवत तिने दाराशी मावशीला शोधले, आणि तिच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "करते."

तेओफिलाच्या जवळ उभे होते ते सगळे बाजूला सरकले. तिने मान खाली घातली आणि सगळ्यांबरोबर आमेन म्हटले.