इसोआची काठी

उलामिला माझ्या चुलतभावाची बायको, तरुणपणीच विधवा झालेली. तिचा एकुलता एक मुलगा इसोआ प्रवाळाच्या कड्यापाशी मासे मारायला बुडी मारून गेला, तो वर आलाच नाही. प्रेतही मिळालं नाही. दहाव्या दिवशी ओहोटीला तिने तिथे एक काठी रोवली आणि तिला त्याचा लाल सदरा बांधला.

आमच्या फिजीत गावप्रमुख वारला की अशी काठी रोवून शंभर दिवस समुद्र बंद ठेवतात, कोणी जाळं टाकत नाही. पण ही कोण लागून गेली?

"वहिनी, काठी काढ. हा मान प्रमुखांचा," मी दरडावलं.

"तूच काढ ना, भावजी."

खोटं कशाला बोलू, माझी छाती झाली नाही. कोणाचीच झाली नाही. चार वर्षं त्या पाण्यात चोरूनसुद्धा जाळं पडलं नाही.

मासे इतके वाढले की कडा ओलांडून आमच्या जाळ्यांत येऊ लागले. शेजारची गावं 'मासेमारी बंद'च्या पाट्या लावून थकली होती, कारण चोरांना पाट्यांची कसली भीती? मोठं मागणं मागताना आमच्यात देतात तसा देवमाशाचा दात त्यांनी उलामिलापुढे ठेवला. "काकी, आमच्याकडेही त्याच्याच नावाने रोवा."

तिने सात गावांत काठ्या रोवल्या. सातही गावांत तो दिसू लागला. मीही पाहिला. तिन्हीसांजेला, गुडघाभर पाण्यात, पाठमोरा. लाटा येत होत्या, पण त्याच्याभोवतीचं पाणी हलत नव्हतं. मी चपला तिथेच टाकून पळालो.

मासळी वाढली तशी बर्फाची खोली झाली, होड्या आल्या, शहरात गेलेली पोरं कामाला परतली. घरोघरी आया पोरांना वाढत होत्या. उलामिला मात्र रोज ओहोटीला जायची आणि तशीच परत यायची. तिला तो एकदाही दिसला नाही. मला याची फार चीड यायची, पण चिडणार कोणावर?

मग आठव्या गावात काठी रोवली. महिन्याने तिथली एक बाई आली. "काकी, काल आला हो तुमचा इसोआ."

"ओला होता?"

"हो. कुडकुडत होता."

उलामिलाने ट्रंकेतून कोरडा टॉवेल काढून तिच्या हातात दिला. "काठीवर ठेव."

आठवड्याने टॉवेल परत आला. ओलाच, पण पिळून घडी घातलेला.

"घडी आमच्यापैकी कोणी घातली नाही," बाई म्हणाली.

उलामिलाने टॉवेल मांडीवर घेतला. दोन टोकं खाली लोंबत होती.

"अशी वेडीवाकडी घडी माझाच पोरगा घालतो," ती म्हणाली, आणि पाच वर्षांनी पहिल्यांदा हसली.