नाव आणि रस्ता

अर्लीन पूलियट बावीस वर्षं आमच्या गावाची क्लार्क होती; सभेचं इतिवृत्त आणि गावाचे दाखले-परवाने तिच्या हातात. त्यातली शेवटची नऊ वर्षं मी तिच्या हाताखाली काढली आणि आता तिच्याच खुर्चीत बसते. म्हणजे हे सगळं मी आपल्या सोयीनं सांगतेय असं कुणाला वाटलं तर खुशाल वाटू दे. माझी सोय बघण्यासारखं यात काही उरलेलं नाही.

आमची गावसभा मार्चमध्ये, शाळेच्या जिममध्ये भरते. ज्याला बोलायचं त्यानं माइकपाशी यायचं, आधी नाव सांगायचं, मग घर नंबर आणि रस्ता, मग काय ते बोलायचं. हा नियम कुठल्या पुस्तकात नाही. तो अर्लीननं पाळायला लावला म्हणून नियम झाला. कुणी घाईत थेट मुद्द्यावर आलं की ही टेबलामागून ओरडायची, "नाव आणि रस्ता!" एकदा तिचा सख्खा भाऊ जील उभा राहिला. त्यालाही तेच.

"अगं, एका ताटात जेवलोय आपण. मला ओळखत नाहीस?"

"मी ओळखते. नोंदवही ओळखत नाही."

सगळं जिम हसलं आणि जीलनं मुकाट्यानं पत्ता सांगितला. दुसऱ्या एका वर्षी म्हाताऱ्या क्रॉकेटनं रस्ते बघणाऱ्या माणसाला भर सभेत गाढव म्हटलं. दुसऱ्या दिवशी दारू उतरल्यावर तो ऑफिसात आला, टोपी हातात घेऊन, तेवढा शब्द नोंदवहीतून काढ म्हणून. अर्लीननं मान वर केली नाही. "बोललात ना? मग लिहिलं." म्हातारा गेल्यावर मला म्हणाली, "क्लॉडी, एकाची ओळ खोडलीस की उद्या दारात रांग लागेल." मी ते मनात जपून ठेवलं. मला तेव्हा ती फार थोर वाटायची.

ती निवृत्त झाली आणि वर्षभरात जीलला पोटाचा कॅन्सर निघाला. त्याला अन्न जात नव्हतं, पाण्याचीही उलटी व्हायची. कुणीतरी गांजाचं तेल सुचवलं. जन्मात कधी सिगरेट न ओढलेल्या अर्लीननं राज्याचा रीतसर परवाना काढला आणि मागच्या जुन्या कोंबड्यांच्या शेडमध्ये दिवे लावून रोपं वाढवली. जील शेवटचे पाच महिने वाटाण्याचं सूप पोटभर प्यायला. तो गेल्यावर तिनं परवाना परत केला नाही. तिच्याकडून तेल नेणारे पाच रुग्ण होते. चार कोण होते ते मला आजही माहीत नाही. पाचवा माझा नवरा, एमिल. त्याला कंपवात आहे. रात्री जिभेखाली तेल घेतलं की त्याचे हात थांबायचे आणि झोप लागायची.

राज्याच्या परवान्यासोबत एक पत्र आलं होतं: पिकवणाऱ्याचं आणि रुग्णांचं नाव कुणालाही कळवलं जाणार नाही. ते पत्र तिनं पिठाच्या डब्यात ठेवलं होतं. शेडच्या खिडक्या तिनं फळ्या मारून बंद केल्या आणि मशरूम लावलेत असं सांगून टाकलं. मग लोक मशरूम मागायला लागले. तेव्हा ही बाई तीस मैलांवरच्या बाजारातून मशरूम विकत आणून गावात फुकट वाटायची. "माझ्याएवढा तोट्यातला शेतकरी या राज्यात नसेल," असं म्हणून स्वतःच खो खो हसायची.

भीती तिला पोलिसांची नव्हती, चोरांची होती. शेजारच्या तालुक्यात एका परवानाधारकाचा पत्ता बाहेर फुटला आणि पंधरा दिवसांत त्याचं घर लुटलं गेलं. अर्लीन अडुसष्ट वर्षांची, एकटी, आणि रस्त्यावरचं शेवटचं घर तिचं.

अशात ड्वाइट क्रॉकेटनं, त्या म्हाताऱ्याच्या पुतण्यानं, सभेपुढे ठराव आणला: गावात जे कुणी गांजा पिकवतात त्या सगळ्यांचे पत्ते गाव कार्यालयात लावावेत. पोराबाळांच्या आईबापांना कळलं पाहिजे, हे त्याचं कारण. वर, "चोरून करायचं काही नसेल तर लपवायचं कशाला?"

सभेच्या आदल्या आठवड्यात अर्लीन माझ्या स्वयंपाकघरात बसली होती. मी म्हटलं, "तू गप्प बस. तुला काय पडलंय असं विचारतील."

"गप्प बसले आणि ठराव पास झाला तर? एमिलचं तेल तू कुठून आणशील?"

मग तिनंच तोड काढली. सभा चालवणाऱ्या अध्यक्षाला भेटून तिनं कबूल करून घेतलं की या एका ठरावावर बोलणाऱ्यानं नाव-पत्ता द्यायचा नाही. इतिवृत्तात फक्त 'एक रहिवासी' असं लिहायचं. जिममधल्या लोकांनी तोंड बघितलं तर बघितलं. ते आपलेच. कागदावर आणि इंटरनेटवर जायला नको, एवढंच तिचं म्हणणं होतं. अध्यक्षानं ते सभेत दोनदा जाहीर केलं. मी स्वतः ऐकलं आणि लिहूनही घेतलं.

ड्वाइट बोलून खाली बसला आणि अर्लीन उठली. माइकपाशी गेली, बटण तपासलं, घसा साफ केला.

"अर्लीन पूलियट, सतरा, टॅनरी रोड. मी पिकवते."

आपण काय करून बसलो हे तिला एका श्वासानंतर कळलं. तिनं माझ्याकडे बघितलं. तो चेहरा मी विसरणार नाही. पण ती बसली नाही. तिनं जीलच्या सुपाबद्दल सांगितलं, लुटलेल्या घराबद्दल सांगितलं. मग म्हणाली, "ड्वाइट, तू लहान असताना शाळेत चड्डी ओली केलीस तेव्हा तुझ्या आईनं मला फोन केला होता, कोरडी घेऊन जा म्हणून. मी कुणाला सांगितलं का? आज सांगतेय, कारण तुला उघड्यावरच राहायला आवडतं." लोक पोट धरून हसले. ड्वाइट लालबुंद झाला. हात मोजले. ठरावाच्या बाजूनं शहाण्णव, विरुद्ध एकशे बारा. ठराव पडला. गावातल्या झाडून सगळ्या पिकवणाऱ्यांचे पत्ते गुप्त राहिले, एक तिचा सोडून.

दुसऱ्या दिवशी नऊच्या ठोक्याला ती काउंटरपाशी आली. ड्वाइट तिथेच उभा होता, कुत्र्याचं लायसन्स करायला. तो असल्याचं तिनं पाहिलं, तरी बोलली.

"क्लॉडी, ती ओळ काढ. 'एक रहिवासी' लिही."

"तू स्वतःहून सांगितलंस, अर्लीन."

"अगं, तोंडातून निघून गेलं! बावीस वर्षांची खोड ती."

"बोललीस ना?" मी म्हटलं. "मग लिहिलं."

तिच्याच तोंडचं वाक्य तिच्याच तोंडावर मारलं. मारताना मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही. इतकी वर्षं मी तिची शिकाऊ होते. त्या दिवशी एकदा तिच्याहून कडक होऊन दाखवलं. खरं म्हणजे अध्यक्षानं सूट दिली होती. मी ओळ काढली असती तर कुणाच्या बापाला विचारायची गरज नव्हती. पण ड्वाइट कान टवकारून उभा होता. तो बोभाटा करील, माझी खुर्ची हलवील, या भीतीनं मी नियमाच्या पदराआड लपले.

"मी शिकवलं ते चुकलं असेल तर?" तिनं हळूच विचारलं.

"ते तेव्हा सांगायचं होतंस."

ड्वाइट हसला. अर्लीन दार लावून निघून गेली.

इतिवृत्त छापलं. पुस्तिका किराणा दुकानाच्या गल्ल्यापाशी ठेवल्या, गावाच्या संकेतस्थळावर चढवलं. ते मीच चढवलं.

सप्टेंबरमध्ये, काढणीला आठ दिवस असताना, भर दुपारी तिच्या दारात एक गाडी थांबली. दोघे उतरले, टोप्या काढल्या. "पूलियटबाई ना? सतरा नंबर?" तिनं हो म्हटलं. त्यांनी तिला तळघरात ढकललं आणि कडी घातली. पायऱ्यांवर तिचं मनगट मोडलं. तीन तासांनी पोस्टमननं आरडाओरडा ऐकला. तोवर शेडमध्ये नुसत्या कुंड्या उरल्या होत्या.

पोलीस आला तो परवाना बघायला लागला. तिनं कार्ड दाखवलं. खात्री करायला त्यानं राज्याच्या कार्यालयात फोन लावला. तिकडून उत्तर आलं, परवानाधारकांची नावं आम्ही कुणालाही सांगत नाही. पोलिसालासुद्धा नाही. मोडलेलं मनगट मांडीवर घेऊन बसलेली अर्लीन हे ऐकत होती, आणि तो अहवालात लिहीत होता: 'महिलेच्या म्हणण्यानुसार परवाना आहे.' माझा संताप होतो. ज्यांनी जाणायला हवं त्यांच्यापुढे सरकार कानावर हात ठेवून बसलं, आणि चोरांना मी घरपोच पत्ता दिला. पुढच्या आठवड्यात आमच्या साप्ताहिकात पोलिसांच्या बातम्या आल्या. त्यात घर नंबर आणि रस्ता पुन्हा एकदा छापला होता.

तिनं परवाना परत केला. माझ्याशी बोलणं बंद केलं. ऑक्टोबरात एकदा आमच्याकडे आली, हाताला प्लास्टर, खिशात एक बाटली. चोरांच्या हाती लागली नव्हती तेवढीच. माझ्या बाजूनं पुढे गेली आणि ती एमिलच्या हातात ठेवली.

"हे तुझं. बावीस थेंब, जास्त नाही."

"पुढची कधी, अर्लीन?" एमिलनं विचारलं.

तिनं माझ्याकडे बघितलं. चोरीचं मी त्याच्या कानावर घातलं नव्हतं; आता ती सांगेल, असं मला वाटलं. "रोपं यंदा रोगानं गेली रे," ती म्हणाली, त्याच्या गालावर हात ठेवला आणि गेली.

मी थेंब वीसवर आणले, मग पंधरावर. तरी नाताळाच्या आधी बाटली कोरडी झाली. शहरातल्या दुकानातलं तेल आणून बघितलं. त्यानं त्याला नुसती गुंगी येते, हात थांबत नाहीत. चमचा दातांवर वाजतो. आता भरवायला मीच बसते. कंपवातानं त्याची आठवणही पातळ होत चाललीय, त्यामुळे रोज जेवण झालं की तो म्हणतो, "क्लॉडी, अर्लीनला फोन कर ना. तुझी मैत्रीण आहे, तुला नाही म्हणायची नाही."

मी आतल्या खोलीत जाते. फोन कानाला लावून, नंबर न फिरवता, त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलते. बाहेर येते तेव्हा तो दोन्ही हात मांडीखाली दाबून वाट बघत असतो.

"काय म्हणाली?"

"पुढच्या आठवड्यात देते म्हणाली."

"बघ," तो म्हणतो, "मी म्हटलं नव्हतं?"