खोव्द ते उलानबाटर, न मोजलेली वाट

"वाट मोजू नये. तिला कळलं की ती लांबते."

गोंबोसुरेन हे इतक्यांदा म्हणाला होता की खोव्दच्या लोकांनी त्याला 'कधी पोहोचणार' हे विचारणंच सोडलं होतं. उलानबाटरला माणसं नेताना त्याची जुनी गाडी बर्फात रुतली, नदीत अडकली. पण पोहोचायची वेळ त्याच्या तोंडून कधी निघाली नाही. तशी ती आमच्याकडे कुणीच सांगू नये, पण लोक चुकतात. गोंबोसुरेन चुकला नाही.

मग त्याच्या बायकोच्या, नान्सलमाच्या, उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. डावा लहानपणीच गेलेला. डॉक्टरीणबाईंनी पट्टी बांधली. "लगेच राजधानीला न्या. गाडीचे हादरे मात्र नकोत, नाहीतर हाही डोळा जाईल."

गोंबोसुरेनने गाडीची किल्ली खिशात टाकली आणि आयुष्यात पहिल्यांदा विमानात चढला.

विमान सुटताना एक पोरगी गोड आवाजात सांगू लागली, "अंतर अकराशे पन्नास किलोमीटर. उड्डाणाला अडीच..."

गोंबोसुरेनने झटकन आपली टोपी नान्सलमाच्या कानांवर दाबली.

"अहो, डोळा बिघडलाय माझा, कान नाही!"

"ऐकू नकोस. पोर लहान आहे अजून."

शेजारचा लोकरीचा व्यापारी खदखदला. "आबा, तुमच्या गाडीत असती तर उतरवली असतीत तिला!"

विमान उठलं. दर हिसक्याला नान्सलमाला वाटे, आता सुटला उरलेला पडदा. तिची बोटं नवऱ्याच्या मनगटात रुतली. जन्मभर जे विचारलं नव्हतं, ते तिने विचारलं, "म्हातारबा, किती राहिलं हो?"

तो खिडकीला नाक लावून सांगू लागला, "खार-उस सरोवर दिसतंय. काठची लव्हाळी पिवळी पडलीत. हंस गेले वाटतं."

नान्सलमाचा श्वास जरा संथ झाला.

"ही झावखान नदी. इथे गाडी बुडत होती आणि तू टपावर बसून मला शिव्या देत होतीस."

"अजून देईन."

"दे. मान मात्र हलवू नकोस."

पुढे तो एकदम थांबला. तिच्या कानांवरची टोपी त्याने हळूच काढली, आपल्या डोक्यावर नीट बसवली, गळ्याची गुंडी लावली. नान्सलमाला कळलं. ज्याचं नाव त्याच्या देखत घेत नाहीत, तो बर्फाचा डोंगर आला होता. तिने हात जोडले. मनगट सुटलं.

मग ओर्खोन नदी आली, मग राजधानीची तूल. वाट त्याने मोजली नाही. उलगडून तिच्या मांडीवर ठेवली.

डोळा वाचला. पण डॉक्टरांनी डोळ्याच्या आत हवा भरली होती. ती जिरेपर्यंत तिला विमान बंद, हादरेही बंद. घरी मेंढ्या शेजाऱ्याच्या भरवशावर, म्हणून गोंबोसुरेन खोव्दकडे जाणाऱ्या ट्रकने निघाला.

"येतो गाडी घेऊन," रुग्णालयाच्या फाटकाशी तो म्हणाला.

'कधी' हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला. तिने तो गिळला.

"चाकांतली हवा बघा," ती म्हणाली.

तो हसला आणि चालू लागला. वाट सुखाची व्हावी म्हणून नान्सलमाने हातातल्या दुधात बोट बुडवून त्याच्या वाटेवर थेंब उडवले. पाण्याआडून दिसावी तशी त्याची पाठ हलत होती; पण दिसत होती. ती वळणाआड जाईपर्यंत नान्सलमा त्या एका डोळ्याने पाहत राहिली.